गाईच्या ढेकरावर ग्रीन कार्ड

मी असामान्य आहे, हे मला पहिल्यांदा एका वकीलबाईंनी सांगितलं, तेही फी घेऊन. तोवर घरात माझी ख्याती भाकरी करपवणारी एवढीच होती.

झालं असं, की अमेरिकेतल्या माझ्या नोकरीचा व्हिसा संपत आला होता. एक तर तिथं कायम राहायची परवानगी, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवायची, नाहीतर प्रयोगशाळा सोडून गाशा गुंडाळायचा. वकीलबाई म्हणाल्या, असामान्य कर्तृत्वाच्या शास्त्रज्ञांना सरकार वेगळ्या दाराने आत घेतं, तुम्ही तिथून अर्ज करा. मी म्हटलं, अहो बाई, मी गाईच्या ढेकरावर काम करते! गाय रवंथ करताना जो वायू बाहेर सोडते, तो तिच्या पोटातले कुठले जंतू तयार करतात आणि त्यांना आवरायचं कसं, एवढंच माझं संशोधन. बाई ढिम्म. म्हणाल्या, मग ढेकराच्या क्षेत्रात तुम्ही जगात अगदी वरच्या आहात, हे पुराव्यानिशी दाखवा.

म्हणजे स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची. ओवाळली. शोधनिबंध होते, मोठमोठ्या प्राध्यापकांची शिफारसपत्रंही आली. पण वर्तमानपत्रात तुमच्याविषयी काही छापून आलंय का, तर त्या बाबतीत ठणठणाट. दिवाळीला मी गावी, पणदऱ्याला घरी आले तेव्हा जेवताना हे सहज बोलून गेले आणि तात्यांचे कान टवकारले.

तात्या म्हणजे माझे वडील. एमआयडीसीतल्या दुधाच्या कंपनीतून रिटायर झालेले, दारात गाई, आणि गावात कुणाचंही काही अडलं की हे पुढं. "छापून आनायचंय ना? मग सत्कार घ्यावा लागतोय," ते म्हणाले. ते खरंच होतं. आमच्याकडे बातमी माणसाची येत नाही, त्याच्या सत्काराची येते.

त्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणात मांडव पडला. मला फेटा, शाल, नारळ आणि स्टेजवर अगदी कडेची खुर्ची. मधल्या सगळ्या खुर्च्या मान्यवरांच्या. एका पाहुण्यांनी माझं संशोधन उसावर आहे असं ठोकून दिलं. दुसऱ्यांना माईकवर ढेकर म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यांनी त्याचा गोमातेचा उच्छ्वास केला. मागून एक आबा ओरडले, "आमच्या म्हशीचं बी बघा की वाईच!" मी मात्र फेट्याखाली घामाघूम होऊन नारळ सांभाळत बसले होते. मला बोलायला मिळालं तेव्हा जेवणाच्या पंगती सुरू झाल्या होत्या, त्यामुळे मी आभार मानून खाली बसले.

बातमी आली. फोटोत सगळे मान्यवर ठसठशीत होते, माझा फक्त फेट्याचा तुरा आला होता. तेही मी चालवून घेतलं असतं. पण मथळा काय, तर 'मायभूमीच्या सेवेसाठी लवकरच कायमची परतणार!' आणि खाली हे वाक्य चक्क माझ्या तोंडी घातलेलं.

मी डोक्याला हात लावला. इकडे मी अमेरिकेच्या सरकारला लिहून देतेय की मला तुमच्याकडेच राहून काम करायचंय, आणि माझ्याविषयी छापून आलेली एकुलती एक बातमी बोंबलून सांगतेय की ही बाई निघाली! वकीलबाईंना फोनवर भाषांतर करून ऐकवलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, की हे आपण अर्जाला कुठं जोडलेलं तर नाही ना?

मी त्या वार्ताहराला फोन लावून झापायला सुरुवात केली. तो बिचारा म्हणाला, "ताई, मला कशाला बोलताय? ते तर तात्यांनीच सांगितलं."

तात्या गोठ्यात वैरण टाकत होते. चिडले की माझी भाषा थेट पणदऱ्याची होते. "तात्या, ह्ये तुमी सांगितलं व्हय त्याला? डोकं ठिकाणावर हाय का न्हाय तुमचं?"

"सत्कारात आसंच म्हणत्यात," ते वैरण टाकतच बोलले. "समदी म्हणत्यात."

"तात्या, माझ्याकडं बघा."

मग ते थांबले. बघितलं मात्र गाईकडेच. "मला वाटलं, येकदा छापून आलं की तुला यावंच लागंल. चार लोकांत शब्द गेला म्हणल्यावर कुठं जाशील?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. माझ्या परवानगीसाठी अख्ख्या गावाला जेवू घालणाऱ्या या माणसाला मुळात ती मला मिळायलाच नको होती, आणि हे मी त्यांना कधी विचारलंसुद्धा नव्हतं. मी आत गेले आणि काही कारण नसताना आईवर खेकसले.

परवानगी मिळाली. त्या बातमीवाचून काही अडलं नाही. निकाल कळला तेव्हा मी प्रयोगशाळेतून घरी निघाले होते. पार्किंगमधूनच तात्यांना फोन केला.

"मंग आता कायमचंच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मधनंआधनं हिकडं येता येतं का?"

येता येतं, मी म्हटलं, पण फार दिवस राहून चालत नाही. जास्त राहिलं तर ते लोक म्हणतात ही आता इथली राहिली नाही, आणि कार्ड जाऊ शकतं.

"आसं हाय व्हय," तात्या म्हणाले. "हितं तसलं काय न्हाय बघ. हितं तू कितीबी वर्सं आली न्हाईस, तरी हितलीच."

आणि सरकारमान्य असामान्य शास्त्रज्ञ बाईंनी भर पार्किंगमध्ये भोकाड पसरलं.