दुसऱ्या वेलांटीची जागा

टर्पेंटाइनचा वास आला आणि टाऊन हॉलच्या पायरीवर माझे पाय अडखळले. बाबांच्या सदऱ्याला कायम हाच वास असायचा. या काळ्या दगडी इमारतीने भाषणं ऐकली, रेशनकार्डांच्या रांगा पाहिल्या, मतमोजण्या सोसल्या. आता पुन्हा तिची डागडुजी चालली आहे. आतल्या दारावरची जुनी लाकडी पाटी नव्याने रंगवण्याआधी शुद्धलेखन तपासायला मला, मराठीच्या एका निवृत्त बाईंना, बोलावलं होतं. पुण्यात माणसं गळकं छप्पर चालवून घेतील, चुकलेली वेलांटी नाही. ती पाटी कोणी लिहिली, हे मात्र बोलावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

बाबा इथे रोजंदारीवर पेंटर होते. मागच्या दुरुस्तीच्या वेळी मी नुकतीच शाळेत शिकवू लागले होते. पाटीचा, साहेबांच्या सहीचा मजकूर बाबांनी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला दाखवला. त्यात ‘जिर्णोद्धार’ होतं. “बाबा, दुसरी वेलांटी हवी. चुकीचं लिहू नका हं,” मी नव्या शिक्षिकेच्या तोऱ्यात सांगितलं. उद्घाटनाला पोचले तर बाबा अजून शिडीवरच. सगळी पाटी लिहून झालेली, फक्त त्या ‘ज’ला वेलांटी नाही. खाली हेडक्लार्क घड्याळ बघत उभे. “अहो, कागदावर आहे तसं लिहा. तुम्हाला कायम करायचा कागद आजच साहेबांपुढे जायचाय. त्यांनाच व्याकरण शिकवताय का?” बाहेर गाडीचं दार वाजलं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ‘ज’च्या आधी पहिली वेलांटी ओढली.

बाबा कायम झाले, घराला स्थैर्य आलं. मी जन्मभर पोरांच्या वह्यांतल्या वेलांट्या लाल शाईने गोल केल्या, पण या इमारतीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. ते नमले याचा मला राग होता आणि त्यांना पेचात मीच घातलं याची लाज. ते जाईपर्यंत त्यांच्याशी यावर बोलणं झालं नाही ते नाहीच.

“मॅडम, चूक आहे ना? सगळीच घासून काढते,” कामावर देखरेख करणारी मुलगी म्हणाली. मी पाटीच्या अगदी जवळ गेले. ती वेलांटी मागच्या शब्दाला दाटीवाटीने टेकली होती. ‘ज’च्या पुढे मात्र दोन बोटं जागा मोकळी होती. बाबांचा हात अंतराला कधी चुकत नसे. माझ्या शब्दावर त्यांनी अक्षरं आधीच तशी आखून घेतली होती. मला रडू आवरेना.

“घासू नका,” मी म्हटलं. “पहिली तेवढी पुसा आणि दुसरी या जागेत काढा. बरोबर बसेल.”