सासूच्या पायाचा छापा

तर शकुनबाईनं सासूच्या पायाचा फोटो खुंटीवरून काढला आणि दारात उभी राहून उन्हाकडे धरला, इथवर गोष्ट आली होती. फोटो म्हणजे एक्स-रे. सासू आनंदाबाई धानाच्या रोवणीत बांधाच्या धुऱ्यावरून घसरली, नळीचं हाड मोडलं, तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात काढलेला. पाय जुळला, पण फोटोचं कौतुक सरलं नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी फोटो. म्हातारीचा लग्नातला फोटो नव्हताच, मग हाच.

सुनेला मात्र त्यात छापा दिसत होता.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. एकोडी गावात पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल शकुनबाईच्या घरचे. नवरा टिकाराम सुतार. तो वीतभर उंचीचा बैल कोरायचा, चाकं लावायचा. ती छापा ठेवून त्याच्या पाठीवर झूल रंगवायची. पुठ्ठ्यात वेलबुट्टी कोरायची, मेण चोळायचं, बैलावर दाबून रंग भरायचा. पण मागच्या साली झड लागली, पुठ्ठा फुगला आणि रंग खालून पसरला. पोरं बैल ओढत निघाली तेव्हा भैय्याजी किराणावाल्यानं विचारलं, "वहिनी, बैल बोडीत पोहून आले का?"

पोळा भरतो तो सारा आखर हसला. यंदा अर्ध्या घरांनी साकोलीच्या बाजारचे बैल आणले. टिकारामनंही सांगून टाकलं की पुन्हा तसं झालं तर बैल बंद, आपले नांगर आणि चौकटी बऱ्या.

शकुनबाई नव्या छाप्याच्या शोधाला लागली. तिनं डब्याचा पत्रा कापून पाहिला, तो बैलाच्या गोल पोटावर बसेना. वाकेल आणि भिजणार नाही अशी वस्तू घरात एकच, ती खुंटीवर. पण म्हातारीची ठेव मागायची कशी? फोटो काढावा, पाहावा, पुन्हा अडकवावा, असं चाललं होतं. शेवटी बाजेवरून आनंदाबाईच बोलली.

"कायले लपाछपी खेळून राहिली वो? पाय त माह्यापाशीच आहे. काप."

आता खरी गंमत ऐका. एक्स-रे सारा काळा, पण हाडाची जागा आरपार दिसणारी. शकुनबाईनं हाड तसंच राखलं आणि दोन्ही अंगांना वेल कोरली. बैलाच्या कण्यावर कोळशाची बारीक रेघ ओढायची, छापा झुलीसारखा पाठीवर टाकायचा आणि हाडातून रेघ दिसेपर्यंत सरकवायचा. सासूचं हाड बैलाच्या कण्यावर बसलं की झूल दोन्ही कुशींवर सारखी उतरलीच समजा. कुंचलाही तिनं सोडला. चिंधीचा बोळा रंगात बुडवून आधी पाटीवर ठोकायचा, जवळपास कोरडा करायचा, मग टिपत टिपत जायचं. कुंचला रंग आत ढकलतो, हे मागच्या सालच्या हसण्यानं शिकवलं होतं. छापा उचलला की पांढऱ्या बैलावर लाल वेल, आणि कड अशी की नख लावून पाहावं.

तान्ह्या पोळ्याला आखरावर तोरणाखाली रांग लागली. साकोलीचे बैल चकचकीत खरे, पण झूल एका कुशीवर चढलेली, दुसरीवर लोंबलेली. शेजारी एकोडीचे बैल उभे राहिले आणि कोणाला काही सांगावं लागलं नाही. बाजारचे बैल आणणाऱ्यांनी तिथंच टिकारामला पुढच्या सालचे बैल सांगून टाकले. आनंदाबाई काठी टेकत रांगेपुढून फिरली आणि भेटेल त्याला सांगत सुटली की हे सारे बैल माह्या पायावर चालून राहिले.

भैय्याजी या खेपेला हसला नाही. त्याच्या साळ्याचं साकोलीत खेळण्यांचं दुकान. छापा थोडे दिवस द्या, साळ्याला दाखवतो अन् आणून देतो, असं तो गोडीत म्हणाला. टिकाराम भिडस्त माणूस, तो बायकोकडे पाहत राहिला. शकुनबाईनं रंगाचे हात पदराला पुसले आणि साऱ्या आखराला ऐकू जाईल असं म्हणाली,

"छापा कुठचा, भैय्याजी? तो माह्या सासूचा पाय आहे. पाया पडाचं असन त खुशाल घरी या, पण पाय उचलून नेऊ नाही देणार."