शंभर आकड्यांत रिकामा तंबू

बोलपट आमच्या किनाऱ्यावर यायच्या आधीची दोन-तीन वर्षं मी एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत पाट्या वाचत असे. मूकपटात मधूनमधून पडद्यावर मजकूर येई. समोर बसलेल्या बहुतेकांना तो वाचता येत नसे. म्हणून पडद्याच्या कडेला उभं राहून तो मोठ्याने वाचणारा माणूस लागे. त्या कामामुळे तंबूत मला मास्तर म्हणत. वर्तमानपत्राची नोकरी त्यानंतरची.

भात झोडून झालं की तंबूचा हंगाम सुरू होई तो पाऊस तोंडावर येईपर्यंत. सामान मचव्यातून मांडव्याला उतरायचं आणि तिथून बैलगाड्यांनी गावोगाव जायचं. तंबू उभारायला आणि उतरवायला मालकांनी एक कोळी तांडेल ठेवला होता. त्याने आपला मचवा मुलांच्या हाती दिला होता, पण दोरावरचा हात सुटला नव्हता. त्याची बायको दारावर, बायकांच्या बाजूला बसे. मशीन चालवणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. मी सांगतोय त्या हंगामात तोही बायकोला घेऊन आला होता. ती आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करी. आम्ही तिला वहिनी म्हणत असू.

या वहिनींच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. सिनेमावाल्याची बायको म्हणून माहेरी त्यांचा मोठा मान होता. पण त्यांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता, कारण मिस्त्री त्यांना तंबूत बसू देत नसे.

कारण त्याच्या हातांवर दिसत असे. पूर्वीच्या एका तंबूत फिल्मने पेट घेतला होता. माणसं सगळी वाचली, पण कनाती सुऱ्यांनी फाडाव्या लागल्या, आणि मिस्त्रीचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. तेव्हापासून त्याचे काही नियम होते. मशीनशेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि एक भिजवलेलं गोणपाट. विडी आणि काड्यापेटी दारातच काढून ठेवायची. एक रीळ मशीनवर असताना बाकीची पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. फिल्मचा तुटलेला तुकडा पाण्यात टाकायचा, जमिनीवर नाही. हे सगळं मालकांना मान्य होतं. एकच गोष्ट मान्य नव्हती. मिस्त्री म्हणे, कनाती आतून उघडता आल्या पाहिजेत. मालक म्हणत, आतून उघडणारी कनात बाहेरूनही उघडते आणि फुकटे आत शिरतात.

वहिनींची चूल तंबूच्या मागे असे. खेळ चालू असताना त्यांना इंजिनाची धडधड, पेटी-तबला आणि माझा आवाज ऐकू येई. त्यामुळे सगळ्या पाट्या त्यांना पाठ होत्या. चित्र तेवढं माहीत नव्हतं. दुपारी मला भाकरी वाढताना त्या चौकशी करत.

"मास्तर, तो राजा 'आता माझा निश्चय झाला' म्हणतो, त्याला मिशी आहे का हो?"

"आहे."

"मोठी?"

"बरीच."

"मला वाटलंच. बिनमिशीचा माणूस असं बोलायचा नाही."

मांडव्याच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या एका गावात आम्ही उतरलो, तेव्हा पहिल्या खेळाला चार दिवस होते. एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि खाडीकडे मिठागरं. तिन्हीकडची माणसं येणार होती. देवाचा सिनेमा होता. वहिनींना त्यातल्या पाट्या सर्वांत जास्त आवडत. तंबू उभारायच्या दिवशी सकाळी आम्ही चहाची वाट पाहत बसलो होतो. चहा आला नाही. मालक चुलीकडे गेले, तर चूल थंड आणि वहिनी पाटावर हाताची घडी घालून बसलेल्या.

"वहिनी, बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे, शेठ. तुमच्या तंबूला बरं नाही. तो मला बसण्याजोगा होईपर्यंत ही चूल पेटायची नाही."

मालकांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने हात वर केले. "मला विचारू नका. मलाही चहा मिळालेला नाही."

तांडेलीण हसून हसून वाळूत बसली. "बाय, सा वरसं कशाला थांबलीस गो? पयल्याच सालात चूल बंद करायची!"

जवळ दुसरी खानावळ नव्हती. दुपारपर्यंत सगळ्यांनी शहाळ्यांवर काढलं. तंबूचे खांब उभे राहिले तेव्हा मालकांनी मिस्त्रीला विचारलं, "एकदाचं सांगा, तंबू बसण्याजोगा झाला हे ठरवायचं कसं?"

मिस्त्रीचं उत्तर तयार होतं. भरलेल्या तंबूत तो मोठ्याने एक ते शंभर आकडे मोजील. शंभर व्हायच्या आत तंबू रिकामा झाला पाहिजे. त्याने पत्र्याच्या डब्यातून फिल्मचा वीतभर तुकडा काढला, वाळूवर ठेवून पेटवला आणि वर ओंजळभर वाळू टाकली. वाळूखालीही तो फुसफुसत जळत राहिला. तांडेल उकिडवा बसून शेवटपर्यंत पाहत होता. "वंगाळ चीज हाय," एवढंच तो म्हणाला.

मालकांनी विचार केला. रात्रीच्या जेवणाची वेळ जवळ येत चालली होती. "उद्या दुपारी मोजा," ते म्हणाले. त्या संध्याकाळी चूल पेटली, पण फक्त पेजेपुरती. वहिनींनी तसं आधीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताशा वाजवून गावाला बोलावलं. आज सिनेमा नाही, नुसतं आत बसायचं आणि मिस्त्री मोजायला लागले की बाहेर पळायचं, पैसे पडणार नाहीत, असं मी ओरडून सांगितलं. मला वाटलं होतं, कोणी फिरकणार नाही. तंबू भरला आणि माणसं उरली.

मिस्त्रीने एक म्हटलं आणि एकच हशा उठला. पोरांपेक्षा थोरांचा उत्साह जास्त होता. काही दाराकडे धावले, बाकीच्यांनी कनातींना धक्के दिले. कनाती हलल्या नाहीत. जितका जोर लावावा तितक्या त्या आवळल्या. शंभर झाले तेव्हा निम्म्याहून अधिक माणसं आत होती आणि एकमेकांच्या अंगावर रेलून हसत होती. मिस्त्री हसला नाही. वहिनी बाहेर चुलीपाशी उभ्या होत्या. त्या उलट फिरल्या आणि पेजेचं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.

घोटाळा गाठींचा होता. तांडेलाने कनाती काथ्याच्या दोराने, शीड बांधायच्या गाठीने बांधल्या होत्या. ती गाठ ओढ बसली की घट्ट होते, आणि रात्रीच्या दवाने काथ्या ओला झाला की आणखी घट्ट. मचव्यावर तिचा हाच गुण. आमच्या तंबूत तोच अवगुण ठरला होता.

"माझी गाठ दर्यानंबी सोडवली न्हाय," तांडेल म्हणाला. त्याला राग आला होता. "आता पोरीटोरींनी ढकलून सुटंल अशी बांधू काय?"

त्याची बायको कनातीला टेकून विडा लावत होती. "अवो तांडेल, भर दर्यात वारा उठला, तर शीड उतरवताव कसं? गाठी सोडत बसताव काय एकेक?"

"गाठी कशाला? एक दोर सोडला की शीड खाली येतं."

"मंग?"

तांडेल उठला. त्याने खांबांवरून नजर फिरवली आणि आपल्या मुलांकडून, खाडीत उभ्या असलेल्या मचव्यावरच्या कप्प्या मागवल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंच्या कनाती खालच्या बाजूने आधीसारख्याच खुंट्यांना बांधलेल्या होत्या, पण वरून त्या एका लांब दोरावर टांगल्या होत्या. दोराचं टोक आतल्या खांबाला, माणसाच्या हाताच्या उंचीवर. ते सोडलं की अख्खी बाजू शिडासारखी खाली येई. बाहेरच्या फुकट्याला तिथे हात पोचत नव्हता. मालकांनी स्वतः तीनदा दोर सोडून पाहिला. चौथ्यांदा सोडला तो केवळ मजा म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताशा वाजवायची गरज पडली नाही. मिठागरातली माणसं काम लवकर आटोपून आली होती. मिस्त्रीने एक म्हटलं, तांडेलाने दोर सोडला, दोन्ही बाजू धपकन खाली बसल्या. समोर एकीकडे वाड्या, एकीकडे समुद्र. आणि सगळी माणसं उठून दाराकडे धावली.

मी पडद्याच्या कडेला उभा होतो, म्हणून ते नीट पाहिलं. दोन्ही बाजू सताड उघड्या, तिकडे एकही माणूस नाही, आणि दारात खेचाखेच. वहाणा दारात होत्या. देवाचा सिनेमा म्हणून लोक पायातलं बाहेर काढून आत येत. कोणी सांगितलं नव्हतं. देवळात करतात तसं इथे करत. ज्यांच्या पायात काही नव्हतं तेही घरच्यांच्या मागोमाग दाराकडेच गेले. शंभर झाले. आत पुन्हा बरीच माणसं होती.

"वहाण सोडून जा म्हणावं," मालक म्हणाले.

तांडेलीण म्हणाली, "सांगून बगा. नवी वहाण हाय एकेकाची."

मिस्त्री मशीनच्या पेटीवर बसून राहिला. खेळ उद्यावर आला होता. वहिनी तंबूच्या दारापर्यंत आल्या, उंबरठ्याच्या जागी दोर होता त्याच्या बाहेर थांबल्या आणि त्या वहाणांच्या ढिगाकडे पाहत राहिल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"अहो," त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "हा ढीग इथेच का? जिथे वहाणा, तिथे माणसं जातात ना? मग वहाणाच लांब ठेवा की."

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंना, तंबूपासून पन्नास पावलांवर, उंडीच्या झाडांखाली वाळू झाडून जागा केली. पुरुषांच्या वहाणा समुद्राच्या बाजूला, बायकांच्या वाड्यांच्या बाजूला. दारात एकही वहाण ठेवू द्यायची नाही, हे काम तांडेलिणीकडे. ती कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. गावच्या पाटलालाही तिने अनवाणी चालत आत आणलं.

दुपारी शेवटची मोजणी झाली. एक म्हणताच बाजू खाली पडल्या आणि तंबू दोन्हीकडे सांडला. माणसं ओरडत, हसत, धोतरं सावरत उंडीखाली पळाली. मिस्त्री चाळिसावर आला तेव्हा मधली जमीन दिसू लागली. साठाला आमच्याखेरीज आत एकच व्यक्ती होती. वाडीतली एक म्हातारी बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, मांडी घालून बसली होती.

"आजी, उठा!" मी ओरडलो.

"मी नाही उठायची. सकाळपासून जागा धरलीय. उठले की ती बसेल." तिने बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जावेकडे बोट दाखवलं.

मिस्त्री मोजत होता. त्याने आवाज चढवला नाही की वेग कमी केला नाही. एकाहत्तर, बहात्तर. वहिनी चुलीजवळून पुढे आल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं. मालक म्हातारीपुढे हात जोडून म्हणाले, "आजी, तुमची जागा तुम्हालाच, माझा शब्द."

"दार उघडल्यावर तुमचा शब्द कोण ऐकणार?"

ऐंशी. तांडेलीण आत शिरली, म्हातारीला माशाची पाटी उचलावी तशी अलगद कमरेवर घेतली आणि चालू लागली. म्हातारी तिच्या पाठीवर गुद्दे घालत होती. "मार गो आजी, मार," तांडेलीण म्हणत होती, "पण बाहेर चल." पडलेल्या कनातीवरून तिचा पाय वाळूत पडला तेव्हा मिस्त्रीच्या तोंडून नव्वद निघाला होता.

तो थांबला. रिकाम्या तंबूत त्याने एकदा चहूकडे पाहिलं. मग बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "संध्याकाळी लवकर ये. पुढची जागा मिळणार नाही नाहीतर."

त्या दिवशी दुपारी सगळ्यांना सोलकढी, भात आणि तळलेली सुरमई मिळाली. मालकांनी तीनदा भात घेतला.

संध्याकाळी वहिनी हिरवं लुगडं नेसून आल्या. वहाणा उंडीखाली ठेवून बायकांच्या बाजूला बसल्या, म्हातारीच्या शेजारी. म्हातारी दुपारचं विसरली नव्हती, पण विड्याचं पान तिने वहिनींना दिलं. दिवे गेले, मशीन सुरू झालं. मी पहिली पाटी वाचायला तोंड उघडलं, तर बायकांच्या बाजूने ती आधीच ऐकू आली. पुढच्या साऱ्या पाट्या वहिनींनी माझ्याबरोबर म्हटल्या. राजा आला तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "बघा, मिशी! मी म्हटलं नव्हतं?"

पहिलं रीळ संपलं. मशीन एकच असल्याने मध्ये थांबावं लागे. पडदा पांढरा झाला, बत्ती लागली. वहिनींनी मागे वळून पाहिलं.

"संपलं?"

"नाय गो बाय," तांडेलीण दारावरून म्हणाली, "घोव तुजा दुसरं लावतोय."

वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि भर तंबूत, चार गावं ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, बसलात काय? लावा ना पुढचं!"

तंबू हसण्याने हादरला. मिस्त्रीने घाई केली नाही. त्याने उतरवलेलं रीळ डब्यात ठेवलं, झाकण फिरवून घट्ट लावलं, बोटाने एकदा चाचपलं, आणि मग दुसरा डबा उघडला.