मूठभर हुलगे

सोमाटण्याहून वडगावला नेणारा तो टांगेवाला मोठा वल्ली होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. त्याच्या घोड्याला मात्र सगळे ओळखायचे, कारण तो वाटेत एका मुरमाड माळापाशी हटकून अडायचा. माळ टांगेवाल्याचाच, पूर्वी तिथं गवतही धड उगवत नसे.

त्या श्रावणात मला वडगावच्या कोर्टातली तारीख गाठायची होती, आणि घोडा अडलाच. टांगेवाल्यानं हसत तोबऱ्यातले हुलगे काढले. एक मूठ घोड्याला दिली, एकेक मूठ आम्हा प्रवाशांना.

"फेका माळावर, भाऊ. त्याबिगर ह्यो हलायचा न्हाई."

शेजारी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी झोकात फेकले. मी चिडून फेकले, मग मला हसू फुटलं, मग आमची चढाओढच लागली. तेवढ्यात मावशींची कोंबडी सुटली आणि पेरलेलं टिपू लागली. टांगेवाला सुटलेला फेटा सावरत तिच्यामागं, मी त्याच्यामागं! तारीख गेली खड्ड्यात.

कार्तिकात पुन्हा त्याच टांग्यानं गेलो, तर माळभर हुलग्याचे वेल. घोडा अडला. टांगेवाल्यानं खाली उतरून मातीत बोट खुपसलं.

"पयलं हितं कुदळ ठणकायची. सालोसाल हुलगा पेरला, पाला हितंच कुजिवला. आता बगा, बोट जातंय!"

"झकास शेत केलंत की!" मी म्हणालो.

त्यानं जीभ चावली. घोडा निवांत वेल ओरबाडत होता.

"हळू बोला, भाऊ. शेत त्येचं हाय. मी निस्ता गडी."