पाठमोरी स्क्रीन

ग्राहक कोर्टाच्या व्हरांड्यात एक आई मुलीच्या पायातल्या कॅलिपरचे पट्टे आवळत होती. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी बाळाच्या मणक्यातला दोष पाहिलाच नाही, अशी तिची तक्रार. डॉक्टरांचा वकील म्हणाला, "म्हणजे ताई, ही मुलगी नकोच होती तुम्हाला?"

"हवी होती, म्हणूनच तपासायला गेले. मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून स्क्रीन माझ्याकडे पाठ करून होती. बघायचं ते एकट्या डॉक्टरांनी. तेवढंही नाही झालं?"

शेजारच्या बाकावर बसलेल्या मला माझ्या गरोदरपणातली पाठमोरी स्क्रीन आठवली. आपण छताकडे बघत निमूट पडून राहतो, विश्वासाने. त्याचा जाब मागितला, की लगेच आईच्या मायेचीच उलटतपासणी!

आतून पुकारा झाला. तिने मुलीला उभं केलं. "चल गं, आता तरी डॉक्टरांना नीट बघू दे."