लामोरेंच्या भिंतीआड

म्हाताऱ्या दावित लामोरेला मरायची घाई नव्हती, पण आपल्याला कुठे पुरणार हे मात्र त्याला जिवंतपणीच पक्कं करून हवं होतं.

"पोरी, माणसानं जन्मभर ज्या भिंतीला चुना लावला, तिच्या आत झोपायला मिळू नये?" तो विचारायचा. पोरगी म्हणजे फ्रान्सिना, वयाची साठी जवळ आलेली, नातवंडांची आजी.

"पण पा, आईशेजारी जागा आहे की. मिशनच्या दफनभूमीत."

"तुझी आई चाळीस वर्षं माझ्या उजव्या कानाशी बोलत होती. आता त्या कानाला जरा विसावा दे."

ती भिंत होती बेलफोंतेन मळ्यातल्या लामोरे घराण्याच्या दफनभूमीची. दर ईस्टरच्या आधी दावित तिला पांढराशुभ्र चुना लावायचा. तसाच त्याचा बापही लावायचा. आत झोपलेले सगळे गोरे लामोरे. त्यांचा मूळपुरुष धर्मापायी फ्रान्स सोडून पळाला, बायबल आणि द्राक्षाच्या कलमांची जुडी घेऊन दक्षिण आफ्रिकेत केपला उतरला आणि त्याला हे खोरं मिळालं. दावितचं आडनावही लामोरेच. पण हे सावळे लामोरे. पिढ्यानपिढ्या त्याच मळ्यावर राबणारे आणि डोंगराच्या कुशीतल्या मिशनच्या गावात राहणारे.

आडनाव कसं आलं, याची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. गुलामीच्या काळात आपली मूळ आजी, दिना, लिलावात उभी होती. परक्या, कुठल्या तरी दूरच्या मालकाच्या हाती जायची. तेवढ्यात मालक पिएर लामोरेला दया आली आणि त्यानं तिला विकत घेऊन आपल्या छपराखाली आणलं. नव्या वर्षाच्या जेवणाआधी दावित डोळे मिटून प्रार्थना करायचा, तेव्हा देवानंतर पिएर लामोरेचे आभार मानायचा. स्नूक मासा आणि जर्दाळूचा जाम टेबलावर थंड होत असायचा, पण आभार चुकायचे नाहीत.

मग काळ बदलला. मतदानाचा हक्क सगळ्यांना मिळाला, तशी गोऱ्या लामोरेंनाही लाज वाटली असावी. त्यांच्या विश्वस्त मंडळानं ठराव केला, की रक्ताचं नातं कागदानं सिद्ध करणाऱ्या कोणाही लामोरेला भिंतीच्या आत जागा मिळेल. घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक लिहिणारे निवृत्त शिक्षक गिडिअन लामोरे स्वतः ही बातमी घेऊन गावात आले. पूर्वी नुसतं 'दावित' म्हणणारे गिडिअन आता 'ओम दावित', म्हणजे दावितकाका, म्हणत होते.

"पण ओम, कागद लागेल हं," ते म्हणाले. "गुलामांना मालकांची आडनावं मिळायचीच. नुसत्या आडनावानं रक्त सिद्ध होत नाही. दिनाचे आईबाप कोण, ते दाखवा."

"फ्रान्सी दाखवील," दावित लगेच म्हणाला. फ्रान्सिनाला कोणी विचारलंच नाही.

ती तरुणपणी डबाबंद फळांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून पीचची फळं धावत जायची आणि त्यातलं डागी फळ ती न थांबता उचलायची. पुढे बसचालक कॉनरॅडशी लग्न केलं, मुलं वाढवली, चर्चच्या गायकवृंदात गायली, आणि दर शरदात क्विन्सच्या फळांचा मुरंबा केला. आता ती गुरुवारच्या गाडीनं केपटाऊनच्या दफ्तरखान्यात जाऊ लागली. जुनी डच अक्षरं आधी मुंग्यांची रांग दिसायची. हळूहळू तिच्या नजरेला खरेदीखतं, मृत्युपत्रं, लिलावाच्या याद्या सरावल्या.

"बाई, लग्न माझ्याशी झालंय की त्या दफ्तरखान्याशी?" कॉनरॅड डबा भरून देताना विचारायचा.

"तिथली माणसं घोरत नाहीत," ती म्हणायची.

शोधायचं कसं, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. त्या खोऱ्यात नाव ठेवणं ही काही हौस नव्हती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं. गोरे हे पाळत, सावळेही पाळत; बाप्तिस्म्याला पाद्री नाव विचारत नसे, आधीच सांगून टाकत असे. फ्रान्सिना हे नावही तिच्या आईच्या आईचंच होतं. तेव्हा हिशेब सरळ होता. मिशनच्या नोंदीत दिनाची थोरली मुलगी सुझाना. म्हणजे दिनाची आई सुझाना.

या सुझानाच्या मागे तिचे कितीतरी हिवाळे गेले. बंगालहून आणलेली एक सुझाना सापडली, मोझांबिकची एक, एक तर पळून जाऊन डोंगरात मेलेली. पण दिना नावाची लेक एकीलाही नव्हती. खुद्द बेलफोंतेनवर एकच सुझाना होती. ती पिएर लामोरेची लग्नाची मुलगी, दिनापेक्षा थोडीशीच मोठी. ती आई कशी असेल? फ्रान्सिनानं तिला बाजूला ठेवलं.

इकडे दावितचा श्वास जड होऊ लागला. "मी थांबलोय," तो म्हणायचा, "पण डॉक्टर थांबायचा नाही."

एके दिवशी गिडिअनसाठी ती दिनाच्या मुलांची नावं चर्चच्या नोंदीतून एका कागदावर उतरवून घेत होती. सुझाना, पिएर, जाक, एलिझाबेथ. लिहिता लिहिता तिचा हात थबकला. ही नावं तिनं हल्लीच एकत्र वाचली होती. पिएर लामोरेच्या लग्नाच्या मुलांचीच ही नावं, त्याच क्रमानं! आणि मग खूप वर्षांनी, गुलामगिरी संपल्यावर झालेलं शेंडेफळ: रेगिना. मोठ्या घरात रेगिना कोणीच नव्हती.

ती त्या कागदाकडे बघतच राहिली.  दिनाच्या मुलांची नावं दिनानं ठेवलीच नव्हती! गुलामाच्या पोराला मालकाच्या घरातून येईल ते नाव. रीत तिच्यासाठी नव्हतीच. तिनं स्वतः ठेवलेलं पहिलं नाव म्हणजे शेवटच्या मुलीचं. मुक्त झाल्यावर तिनं पहिल्यांदा आपल्या आईची आठवण मोठ्यानं उच्चारली होती. आणि आपण इतकी वर्षं थोरलीला धरून बसलो, धाकटीकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी तिनं रेगिना शोधली, आणि रेगिना जणू वाटच पाहत असल्यासारखी सापडली. पूर्वी बेलफोंतेनवर गुलाम, मग मुक्त. गावात धुणं धुणारी बाई. तिचं मृत्युपत्र होतं. लिहिता येत नव्हतं म्हणून सही नाही, फक्त फुली. फ्रान्सिना एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. माझी मुलगी दिना, बेलफोंतेनवर जन्मलेली, जिचा बाप पिएर लामोरे. आणि जिला मी याच पिएर लामोरेकडून धुण्याच्या पैशांतून विकत घेतलं आहे. माझ्यामागे माझं घर विकून तिचा मुक्तीचा कागद करून घ्यावा.

"मिळाला!" फ्रान्सिना एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्मा खाली ओढून पाहिलं. बाप मिळाला होता, काळ्या शाईत. पा भिंतीच्या आत जाणार होते.

मग तिनं उरलेली ओळ वाचली. हे सर्व पार पाडण्यासाठी मी पिएर लामोरे यांना नेमते; त्यांनी मला शब्द दिला आहे.

मृत्युपत्र झालं की तिची पुढची पायरी ठरलेली होती, लिलावाची यादी. त्या काळी माणूस गेलं की त्याच्या घरातल्या वस्तूंचा अंगणात लिलाव व्हायचा आणि शेजारीपाजारी बोली लावायचे. रेगिनाच्या यादीत तांब्याची किटली होती, दोन इस्त्र्या होत्या, धुण्याचा लाकडी टब होता, पिसांची गादी होती. प्रत्येकासमोर घेणाऱ्या शेजाऱ्याचं नाव. गादीच्या खालच्या ओळीत: दिना, चौदा वर्षांची. मुक्तीचा कागद झालाच नव्हता, म्हणून कायद्यानं तीही आईच्या मालमत्तेतली एक वस्तू. घेणारा, पिएर लामोरे. आईनं त्याच्याकडून जिला विकत घेतलं होतं, ती त्यानं आईनं मोजलेल्या किमतीच्या निम्म्यात परत घेतली होती. कोणी चढती बोली लावलेली दिसत नव्हती. अख्ख्या गावाला ठाऊक असणार, की ही कोणाची. आणि यादीच्या खाली दोन सह्या. विकणारा, मृत रेगिनाचा विश्वस्त. घेणारा, बेलफोंतेनचा मालक. दोन्ही सह्या एकाच हाताच्या, तोच लांब शेपटीचा 'पी'.

  फ्रान्सिनानं पान उलटं करून ठेवलं, पुन्हा सुलटं केलं, जणू मधल्या वेळात ते बदलेल.

उरलेलं तिनं उभ्यानंच वाचलं. पिएर लामोरेच्या मृत्युपत्रात दिना होती. तपकिरी घोडी आणि दिना, दोन्ही माझी मुलगी सुझाना हिला. एका बहिणीला दुसरी बहीण वारशात मिळाली होती. आणि त्या मालकीण बहिणीनं तिच्या पहिल्या पोरीला आपलं नाव दिलं होतं. कौतुकानं की मालकीच्या शिक्क्यासारखं, कोण सांगणार?

घरी आल्यावर कॉनरॅडनं थट्टा केली, "काय, आज तरी सापडली का तुझी म्हातारी?" तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्यानं मुकाट्यानं जेवण झाकून ठेवलं. तिनं सगळं सांगितल्यावर तो हात चोळत बसला.

"म्हणजे आपण दर नव्या वर्षाला…" तो म्हणाला.

"हो."

"त्या माणसाचे आभार…"

"हो म्हटलं ना!"

ती आधी गिडिअनकडे गेली. खरं तर तिला आधार हवा होता. कोणीतरी म्हणावं, बाई, तू चुकीचं वाचलंस. गिडिअनना डच तिच्यापेक्षा चांगलं येत होतं. तिनं करून आणलेल्या नकला त्यांनी खिडकीपाशी नेल्या, वाचल्या, दुसऱ्यांदा वाचल्या. 

"तू बरोबर वाचलंयस," ते शेवटी म्हणाले. भिंतीवर पिएर लामोरेचं तैलचित्र होतं. त्या दिशेला त्यांची पाठ होती आणि ते वळेनात. "लहानपणी आजी म्हणायची, पिएरसारखा हो. आम्हा सगळ्या मुलांना म्हणायची."

"मास्तर, पांच्या जागेचं काय?"

"जागा पक्की. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?" मग त्यांनी घसा खाकरला. "पुस्तकात मी लिहीन, दिना, पिएर लामोरेची मुलगी. तेवढंच. लिलावाचं पान नको, फ्रान्सिना. मंडळातले लोक नाही सोसू शकणार. मलाच सोसत नाहीये."

"म्हणजे बाप लिहायचा, आणि बापानं केलं ते नाही?"

गिडिअननी नकलांची घडी करून त्या तिच्या हातात परत दिल्या.

बसमध्ये बसून ती स्वतःशी भांडत आली. पांना फक्त जागा मिळाली एवढंच सांगावं. नव्वदीला टेकलेला जीव. आनंदानं जाऊ दे. पण मग ते आत झोपणार त्याच माणसाशेजारी, त्याचे आभार मानत. ते खोटं आपल्या हातचं. आणि सांगितलं, तर सगळ्या आयुष्याची प्रार्थना त्यांच्या तोंडात कडू करायची. ही तरी कुठली माया?

दावित अंगणात उन्हाला बसला होता. तिला पाहताच म्हणाला, "तोंड का पाडलंयस? भिंत पडली की काय?"

तिनं सांगितलं. सगळं, किटली, गादी, दोन सह्या. सांगताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या चपलांकडे पाहिलं. संपल्यावर मान वर केली. म्हाताऱ्याचं तोंड किंचित उघडं होतं, जसं बहिऱ्या माणसाचं असतं.

"तिनं त्याला नेमला?" तो म्हणाला. "स्वतःहून?"

"त्यानं शब्द दिला होता, पा."

"आणि चौदा वर्षांची पोर अंगणात उभी. गादीनंतर." त्यानं गुडघ्यावरची शाल ओढली, सोडली, परत ओढली. "तिला वाटलं असेल गं. बाप आलाय. आता सोडवणार."

ही गोष्ट फ्रान्सिनाला एवढ्या दिवसांत सुचली नव्हती. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

मग तो म्हणाला, "आणि मी नव्वद वर्षं त्याला थँक्यू म्हणतोय. देवानं ऐकलं असेल का? काय वाटलं असेल त्याला?"

"पा, जागा नको म्हणून सांगू का? मी सांगते मास्तरांना."

"खुळी आहेस? नको कशाला म्हणू?" आवाज एकदम चढला, खोकला आला, तिनं पाणी दिलं ते त्यानं बाजूला सारलं. "माझी जागा आहे ती. रेगिनानं धुणं धुऊन घेतलेली. रविवारी बोलाव त्या मास्तराला."

रविवारी गिडिअन आले, टोपी हातात घेऊन. दावितनं त्यांना खुर्ची दाखवली, पण हात पुढे केला नाही. हात न मिळवणं म्हणजे अपमान, हे खोऱ्यात सगळे ओळखतात, गिडिअननीही ओळखलं.

"पुस्तक तुमचं," दावित म्हणाला. "त्यात काय घालायचं ते तुम्ही घाला. पण दगड माझा. बरोबर?"

"दगडावर काय लिहायचं, हे मंडळ ठरवत नाही, ओम दावित. ते ज्याचं त्यानं."

"फ्रान्सी, लिही मग."

तिनं बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं. दावितनं सांगितलं: दावित लामोरे. दिनाच्या वंशातला. दिना, रेगिनाची मुलगी. आईनं सोडवली, बापानं पुन्हा विकत घेतली.

गिडिअनच्या हातातली टोपी घरंगळली. "ओम, तिथे लहान मुलं येतात. रविवारी फुलं ठेवायला."

"येऊ देत. वाचता येतं ना त्यांना?"

"बापाचं नाव घालायचं, पा?" फ्रान्सिनानं विचारलं. पेन कागदावर टेकून तसंच राहिलं होतं.

दावितनं विचार केला. तिला वाटलं आता तो म्हणेल, घाल, मोठ्या अक्षरांत.

"नको," तो म्हणाला. "तो शेजारीच आहे. कोणाला बघायचा असेल तर मान वळवावी लागेल, बस."

 उठताना गिडिअननी त्या बिलाकडे पाहिलं आणि शिक्षकाच्या सवयीनं त्यावरून बोट फिरवलं. "एवढी अक्षरं बसायची, तर दगड रुंद लागेल," ते हळूच म्हणाले. "नेहमीच्यापेक्षा रुंद. मी दगडवाल्याला सांगून ठेवतो."

दावितनं मान हलवली, आणि मग फ्रान्सिनाला म्हणाला, "मास्तरांना चहा दे. साखर विचार."