जिन्याजवळचं झाड

खाली अत्तरं, घड्याळं, पर्सा असली महागडी दुकानं आणि वर चार मजले ऑफिसं, अशा त्या चकाचक संकुलात झाडवाल्या मावशी कामाला लागून वर्ष झालं, तरी त्यांचा गोंधळ काही सरला नव्हता. दुकानात चिटपाखरू नसतं आणि दिवे मात्र दिवसभर जळतात. ऑफिसातले साहेब फाटकी पँट घालून येतात आणि दारावरचा रखवालदार कोट घालून उभा. मान कोणाला द्यायचा, काही पत्ता लागत नाही. म्हणून मावशी सगळ्यांनाच वाट द्यायच्या आणि आपलं लक्ष कुंड्यांवर ठेवायच्या.

पण कुंड्याही त्यांचं ऐकेनात. अर्धं आयुष्य रोपवाटिकेत घालवलेल्या बाईच्या हातची झाडं इथे माना टाकत होती. एसीचा गारठा, ऊन औषधालाही नाही, त्यात ऑफिसातली शिकलेली मंडळी उरलेली कॉफी कुंडीत ओतून मोकळी. मावशी कुंडी उजेडाकडे सरकवायच्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती परत जागच्या जागी नेऊन ठेवलेली असायची.

"मावशी, सोमवारी मोठ्या मॅडम झाडं बघायला येणारेत," सुपरवायझर म्हणाला. पोरगा मनाने बरा होता. "अशीच राहिली तर सगळी काढणार म्हणतात. मग तुमचं काम कशाला ठेवतील?"

मावशींचा मुलगा घरी बसलेला, सून पोटुशी. घर चालायचं ते ह्याच कामावर.

आता आधार एकच होता, जिन्याजवळचं उंच झाड. वर्षभरात त्याचं एक पान पिवळं पडलं नव्हतं. त्याचा शेंडा पार वर, मावशींच्या अधू नजरेला नुसता हिरवागार दिसायचा. सकाळी आल्या आल्या त्या आधी त्याच्याकडे जायच्या. कुंडीतल्या पांढऱ्या गोट्यांवरून पाणी सोडायचं, खोडावरून हात फिरवायचा आणि घरची दोन गाऱ्हाणी त्याच्या कानावर घालायची. बाकीची रुसली तरी हे आपलं आहे, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

सोमवारी मॅडम आल्या, सुकलेल्या कुंड्या बघून त्यांनी नाक मुरडलं. मावशी धीर करून पुढे झाल्या.

"सगळी नका काढू मॅडम. माझाच हात वाईट असता तर हे जगलं असतं का? हे बघा की."

मॅडमनी झाडाकडे पाहिलं, मग सुपरवायझरकडे.

"मावशी, हे प्लास्टिकचं आहे," तो हळूच म्हणाला.

"अरे, लाकूड आहे ते. मी रोज हात लावते."

"खोड खरंच असतं. पानं वरून खोवतात."

मावशी हसल्या, कारण वरची माणसं थट्टा करतात तेव्हा हसावं लागतं. मग पाहिलं, तर दुसरं कोणी हसत नव्हतं.

"तुम्ही ह्याला पाणी घालत होतात?" सुपरवायझरचा चेहरा उतरला. खाली पार्किंगमध्ये एका साहेबांच्या गाडीवर पाणी ठिबकतं, म्हणून त्याने प्लंबर आणून निम्मं छत फोडून घेतलं होतं.

मॅडम मात्र रागावल्या नाहीत, उलट खूश झाल्या. "इतक्या जाणत्या बाईला वर्षभर कळलं नाही, तर गिऱ्हाइकाला काय कळणार? सगळी अशीच आणा. आणि ह्यांना राहू दे, पुसायला कोणीतरी लागेलच."

नोकरी वाचली. मावशींना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर आपण कोणाशी बोलत होतो, हे त्यांना काही केल्या उमगेना. घरी विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "काम सोपं झालंय."

पुढे जुनी झाडं गेली आणि सगळीकडे नवी आली. एकदा त्या शिडीवर चढून जिन्याजवळच्या झाडाची पानं पुसत होत्या. दुकानातून बाहेर पडलेली एक बाई खाली थबकली.

"किती टवटवीत ठेवलंय हो. माझ्याकडे काही जगतच नाही. तुम्ही ह्याला घालता तरी काय?"

मावशींनी हातातलं पान पुसून सोडलं.

"पाणीच घालत होते हो," त्या म्हणाल्या. "रोज."